माणमधली सहा एकर कोरडवाहू आणि आम्ही घाटकोपरला : कोणतं कडधान्य कुठे घ्यावं?

माणदेशी_घाटकोपर | ४ मे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले शेतीचे धागे नुसते वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. विहीर आहे, पण फेब्रुवारीत ती तळ दाखवते, त्यामुळे हिशोबात धरत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी उमेदीची वर्षं माथाडीत काढली. आधी मस्जिद बंदरच्या दाणा बंदरात आणि बाजार हलल्यावर वाशीला. तुरीची, हरभऱ्याची शंभर शंभर किलोची पोती पाठीवरून वाहिली, पण आमच्या स्वतःच्या रानात बाजरी आणि शाळू (रब्बी ज्वारी) यापलीकडे फारसं काही झालं नाही. आजवर धाकटे चुलते, आमचे तात्या, निम्म्या वाट्याने कसत होते. आता त्यांचे गुडघे पार गेलेत. या वर्षापासून रान मीच बघायचं असं घरात ठरलंय.

मला महिन्यातून एकदा, फार तर दोनदा रात्रीच्या एसटीने जाता येईल. पेरणीला आणि काढणीला आठ-आठ दिवस रजा मिळेल. कुळवायला (रान भुसभुशीत करायला), कोळपायला (ओळींतलं तण काढायला) शेजारचा बैलवाला आहे, रोजाने येतो.

माझ्या मनात सगळ्या सहा एकरांत तूर करायची आहे. २०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. पाणी लागत नाही, ऊस-भाजीसारखं रोज उभं राहावं लागत नाही, पानगळीने रान सुधारतं, असं वाचलंय. तात्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "तूर माळाला जगंल रं, पर भरायची न्हाय." का, म्हणून विचारलं, तर "माती बघ" म्हणाले. माती बघून मला काय कळणार? म्हणून तुम्हाला विचारतोय.

आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्याकडे जेमतेम पाचशे. तोही जून-जुलैत हुलकावणी देतो, खरा येतो तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत.

---

बांधबंदिस्ती (मुलुंड) | ४ मे

तुमच्या तात्यांनी दोन शब्दांत सगळं सांगितलंय. मी मृदसंधारणात नोकरी केली, माण-खटाव-सांगोला पायाखालचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पीक ठरवू नका, आधी खड्डे घ्या. पहार आणि खोरं घेऊन प्रत्येक पट्टीत तीन-चार ठिकाणी खणा, मुरूम लागेपर्यंत. मग हाताने मोजा. टेप नको, जुनी मापं पुरतात : वीत म्हणजे नऊ इंच, हात म्हणजे दोन विती. वीतभर माती असेल तर मटकी, हुलगा (कुळीथ), बाजरी. वीत ते हात यामध्ये असेल तर तूर, तीही बाजरीत आंतरपीक म्हणून. हातापेक्षा खोल काळी असेल तर ती खरिपात मोकळी ठेवा आणि हस्ताच्या ओलीवर हरभरा किंवा शाळू घ्या.

यामागचं गणित साधं आहे. कोरडवाहू शेतात आपली टाकी म्हणजे माती. मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठतं. वीतभर मुरमाड रानात साठतं जेमतेम वीस-पंचवीस. ऑक्टोबरचं ऊन तापलं की उभं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर ओढतं. म्हणजे तुमच्या माळाची टाकी पाच-सहा दिवसांत रिकामी. तूर फुलावर येते ऑक्टोबरात, शेंगा भरते नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा वरून थेंब नसतो. मुळं खोल जाणारी आहेत हे खरं, पण खाली कातळासारखा मुरूम असेल तर ती जाणार कुठे? झाड जगतं, हिरवं दिसतं, शेंगेत मात्र दाणा चपटा राहतो. "जगंल पर भरायची न्हाय" ते हेच.

ही काही नवी विद्या नाही. जुन्या मुंबई इलाख्यात याच प्रश्नावर काम करायला १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झालं. समपातळीत बांध, उताराला आडवी पेरणी, खोल नांगरट किती वर्षांनी करायची, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, हे सगळं तिथे वर्षानुवर्षं तपासलं गेलं. तुमच्या भागातले जुने बांध दिसतात त्यातले कित्येक १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतरचे आणि बहात्तरच्या दुष्काळी कामातले आहेत. बांध फुटलेत का ते या खेपेला बघून या. फुटलेल्या बांधाच्या रानात चांगलं बियाणं टाकणं म्हणजे तळ फुटलेल्या रांजणात पाणी भरणं.

---

लातूरची_लेक (बोरिवली) | ५ मे

काकांशी सहमत, पण तुरीला एकदम बाद करू नका, दादा. आमच्याकडे औशाजवळ भारी काळं रान आहे, तुमच्यासारखं नाही, तरी काही गोष्टी दोन्हीकडे लागू पडतील.

वाण कमी दिवसांचा घ्या. बदनापूरचा बीडीएन ७११ साधारण १५० ते १६० दिवसांत येतो, पांढरा दाणा, शेंगा बऱ्यापैकी एकदम पिकतात. तुम्हाला आठ दिवसांच्या रजेत काढणी उरकायची आहे, त्याला हे सोयीचं. बीएसएमआर ७३६ मर (झाड वाळवणारा) आणि वांझ (शेंगा धरू न देणारा) या दोन्ही रोगांना दाद देत नाही, उतारा पण छान, पण तो १८० दिवसांच्या घरात जातो. तेवढी ओल तुमच्याकडे टिकणार नाही.

मर रोगाचं मात्र मनावर घ्या. आमच्या भावाने सलग तीन वर्षं त्याच रानात तूर घेतली. तिसऱ्या वर्षी ऐन फुलात झाडं वाळत गेली. खोड उभं चिरलं तर आत काळपट तपकिरी रेघ. ती बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. आता तिथे आम्ही ज्वारी घेतो. तूर फिरती ठेवायची, आणि एकटी घेण्यापेक्षा मिश्र.

आणखी एक, शेंडा खुडायला विसरू नका. पेरणीनंतर ४५ दिवसांनी वरचा दोन-तीन बोटं शेंडा, परत ६५ च्या आसपास एकदा. बाजूच्या फांद्या फुटतात. बायका गप्पा मारत दोन दिवसांत एकर-दीड एकर करतात.

---

दाणाबाजार | ५ मे

मी वाशीला कडधान्याच्या व्यवहारात आहे. तुमच्या वडिलांसारख्या माणसांच्या जिवावर हा बाजार उभा राहिला, त्यांना माझा नमस्कार सांगा.

भावाचं सांगतो. हमीभाव कडधान्यांत पाचच पिकांना आहे : तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर. मटकी, हुलगा, चवळी, वाल यांना नाही. पण हमीभाव जाहीर झाला म्हणजे तेवढा हातात पडतोच असं धरून चालू नका. मोझांबिक, म्यानमार, मलावी इथून तूर येते, बोटी लागल्या की भाव हलतो. खरेदी केंद्रावर माल न्यायचा तर आधी नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी आणि माल वाळलेला हवा.

गावठी मटकी आणि हुलग्याला मात्र मुंबईत गिऱ्हाईक आहे. बारीक दाण्याची, मोड चांगला येणारी माणची मटकी ओळखणारे लोक आहेत. माल चाळलेला, खडा नसलेला आणि भुंगा नसलेला द्या, दोन पैसे जास्त मिळतील. हे मी रोज बघतो.

---

सरळहिशोब | ६ मे

वाईट वाटून घेऊ नका, पण स्पष्ट बोलतो. एसटीचं भाडं, रजा, बैलवाला, बियाणं, काढणी, मळणी हे सगळं धरलं तर सहा एकर कोरडवाहूत कडधान्य परवडत नाही. खंडाने देऊन टाका. आम्ही जतला तेच केलं. वर्षाला ठरलेली रक्कम येते, डोक्याला ताप नाही.

---

माणदेशी_घाटकोपर | ६ मे

सरळहिशोब, वाईट अजिबात वाटलं नाही. खंडाचा विचार झाला होता. पण खंडकरी बांध घालत नाही, शेणखत टाकत नाही, हे दोन शेजाऱ्यांच्या रानात डोळ्यांनी बघतोय. पाच वर्षांनी रान परत घेतलं तर हाती काय येईल? आणि आबांना अजून एकदा तरी स्वतःच्या शेतातल्या हरभऱ्याचा हुळा (भाजलेले हिरवे घाटे) खायचाय. एवढ्यासाठी तोटा सोसायची माझी एका वर्षाची तयारी आहे.

शनिवारी खड्डे घ्यायला निघतोय.

---

माणदेशी_घाटकोपर | १२ मे

खड्डे घेतले, एकूण अकरा. तात्या बांधावर बसून सांगत होते, मी खणत होतो.

माळाची अडीच एकर : सहा ते आठ इंचांवर पहार टणकन वाजली. तांबूस, भरड माती, हातात घेतली तर गळून जाते.

मधली ताल (बांध घातलेली पट्टी), दोन एकर : चौदा ते सोळा इंच. वर करडी माती, खाली पिवळसर मुरूम, तोही पहारेने फुटणारा.

ओढ्याकडची पट्टी, दीड एकर : अडीच फूट खणलं तरी मुरूम नाही. मे महिन्यात खाली हाताला गार लागत होतं. दोन फुटांवर पांढरे चुनखडीचे खडे दिसले. उन्हाने पडलेल्या भेगांत माझा हात मनगटापर्यंत जात होता. एकाच गटात, चालत तीन मिनिटांच्या अंतरावर, ही तीन वेगळी रानं आहेत हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

बांध दोन ठिकाणी फुटलेत, मधल्या तालीचा आणि ओढ्याकडचा. बांधबंदिस्ती काका, दोन्हींचे फोटो निरोपात पाठवलेत.

---

बांधबंदिस्ती | १३ मे

छान काम केलंत. फोटो बघितले. ओढ्याकडचा बांध आहे तसा मातीने बुजवू नका, परत तिथूनच फुटेल. जादा पाणी जायला दगडाची सांडवाट ठेवा, बांधाच्या उंचीच्या निम्म्यावर. मधल्या तालीला मातीच टाका आणि वर गवताचे ठोंब लावा.

आता पिकं तुमची तुम्हालाच दिसत असतील. माळाला मटकी आणि हुलगा. मधल्या तालीत बाजरीच्या दोन ओळी, तुरीची एक. ओढ्याची पट्टी खरिपात रिकामी, पण रिकामी म्हणजे सोडून दिलेली नव्हे. दर मोठ्या पावसानंतर वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की कुळवाची पाळी घालायची. तण मरतं, भेगा बुजतात, ओल आत राहते. चुनखडी आहे, म्हणून हरभऱ्याची कोवळी पानं पिवळी पडली तर घाबरू नका, लोह कमी पडतं. अर्धा टक्का हिराकस फवारली की हिरवी होतात.

---

ट्रॉम्बेकर | १५ मे

माझी नोकरी अणुशक्तीनगरला झाली. इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कडधान्यांचे वाण तयार होतात. विकिरणाने बियाण्यात बदल घडवायचे, त्यातून चांगले निवडायचे, संकर करायचे आणि कृषी विद्यापीठांबरोबर शेतात तपासायचे. उडदाचा टीएयू-१ हा ट्रॉम्बे आणि अकोल्याचा वाण १९८५ चा. टपोरा दाणा म्हणून महाराष्ट्रात तो अक्षरशः घराघरांत गेला. तुरीत टीजेटी-५०१ आहे. हे अभिमानाने सांगतोय, तुमच्या रानासाठी मात्र बीडीएन ७११ हीच सूचना योग्य वाटते.

बियाण्याबद्दल दोन कळकळीच्या विनंत्या.

पहिली, उगवण घरी तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी मोड मोजा. प्रमाणित बियाण्याची उगवण तुरीत निदान ७५ आणि हरभऱ्यात ८५ टक्के असावी लागते. मटकी-हुलग्यात काही दाणे कडक निघतात, उसळीत दाताखाली येतो तो गणंग, त्यांना थोडा जास्त वेळ द्या.

दुसरी, जिवाणू चोळल्याशिवाय पेरू नका. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम त्यात कालवून, बियाण्याला हलक्या हाताने चोळून गोणपाटावर सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू शेवटी. उलटं केलंत तर जिवाणू मरतात. आणि पाकिटावरचं पिकाचं नाव वाचा. तूर, मूग, मटकी, चवळी यांचा गट एक आणि हरभऱ्याचा वेगळा. तुरीचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. दुकानदार बऱ्याचदा हे सांगत नाहीत.

महिन्याभराने एक रोप ओलीसकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे.

---

माणदेशी_घाटकोपर | ९ जून

ट्रॉम्बेकर काका, तुमच्यामुळे वाचलो. तालुक्याच्या एका दुकानातून तूर आणली होती, पिशवी शिवलेली, खूणचिठ्ठी लावलेली. घाटकोपरच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली गोणपाटाची गुंडाळी ठेवली. बायको रोज सकाळी पाणी शिंपडायची. आठव्या दिवशी उलगडली तर शंभरात अठ्ठावन्न मोड. बाकीचे काही कुजलेले, काही तसेच टणक. दुसरे शंभर लावले, एकसष्ट. पावती होती, पिशवी परत केली. दुकानदार आधी कुरकुरला, मग बदलून दिली. नव्या पिशवीत ८८ आले.

न तपासता पेरलं असतं तर अर्ध्या ओळी मोकळ्या राहिल्या असत्या आणि मी पावसाला दोष देत बसलो असतो.

---

वालाचं_बिरडं (दादर, माहेर पनवेल) | ११ जून

कोरडवाहू म्हटलं की सगळ्यांना दुष्काळी भागच आठवतो, म्हणून मुंबईच्या उशाशी काय चालतं ते सांगते. आमच्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पण भात निघाला की रान कोरडंठाक व्हायला वेळ लागत नाही. आई भात कापल्यावर चिखलाची ओल उतरायच्या आत वाल टाकायची. एकही पाणी न देता, नुसत्या मागच्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाल येतात. ज्या बिरड्याचं मुंबईत एवढं कौतुक, ते असं पिकतं. चार दिवस उशीर झाला की उगवण विरळ, हे आई बोटावर मोजून सांगायची.

म्हणून तुमच्या ओढ्याकडच्या हरभऱ्यासाठी सांगते, तारीख चुकवू नका. कोरडवाहू हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर याच्या आत पडला पाहिजे. दिवाळीची सुट्टी मिळेल तेव्हा पेरू, असं करू नका.

---

माणदेशी_घाटकोपर | १४ जुलै

पेरणी झाली. जूनच्या शेवटी एक जोरदार सर आली तेव्हा सगळं गाव पेरायला निघालं होतं. तात्यांनी थांबवलं. त्यांनी रानात कोपरापर्यंत हात घातला, तळची माती वर काढून मुठीत दाबली, लाडू झालाच नाही. "अजून वरवरचं हाय." मी रजा संपवून हात हलवत मुंबईला आलो, फार चुटपुट लागली होती. आठ दिवसांनी परत दोन पाऊस झाले, परत गेलो, ७ आणि ८ जुलैला पेरलं. आधी पेरलेल्या दोघांना दुबार पेरावं लागलं.

माळाला एक एकर मटकी टाकलीय, उरलेल्या दीड एकरात आठवडाभरात हुलगा पडेल, बियाणं बैलवाल्याकडे देऊन ठेवलंय. मधल्या तालीत उताराला आडव्या दोन बाजरी, एक तूर. शेणखत मिळालं तेवढं मधल्या तालीलाच घातलं. एकरी डीएपी खताची एक गोणी पाभरीनेच (पेरणीच्या अवजाराने) बियाण्याखाली दिली. जिवाणू आबांनी स्वतः चोळले. गुळाच्या पाण्याने काळे झालेले हात त्यांनी बराच वेळ धुतले नाहीत.

---

माणदेशी_घाटकोपर | ३ सप्टेंबर

ऑगस्टमध्ये सलग चोवीस दिवस पाऊस नाही. बाजरीची पानं दुपारी सुरळी होत होती. बैलवाल्याला फोन करून दोन कोळपण्या करून घेतल्या, दुसरी तर तण नसतानाही. त्याला पटत नव्हतं. "तण न्हाय तर कोळपू कशाला?" मी म्हटलं, तात्यांना विचार. तात्या म्हणाले, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. वरची दोन बोटं माती भुसभुशीत झाली की खालची ओल उडत नाही, भेगा पडायच्या थांबतात.

बाजरी निम्म्याने गेली. तूर मात्र हिरवीगार आहे. एक रोप उपटून गाठी फोडल्या, आतून गुलाबी. मटकीने सगळा माळ झाकून टाकलाय, खाली हात घातला तर सावलीतली माती अजून गार लागते.

---

लातूरची_लेक | ४ सप्टेंबर

तूर पहिले दोन महिने रांगतच असते, मग धावते. बाजरी निघाली की तिला जागा आणि हस्ताचं पाणी दोन्ही मिळेल. निराश होऊ नका, दादा.

फुलावर आली की घाटे अळीकडे (शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे) लक्ष ठेवा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सापळ्यात लागोपाठ दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग दिसले तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा, अळ्या लहान असताना विषाणूचं फवारणी औषध मिळतं, एचएएनपीव्ही, ते संध्याकाळी. पक्ष्यांना बसायला एकरी वीसेक काठ्या रोवा, नाहीतर हरभरा पेरताना त्यात मूठ-दोन मूठ ज्वारी मिसळा. ज्वारीच्या ताटावर पक्षी बसतात आणि अळ्या वेचतात.

आणि ई-पीक पाहणी! ती घरबसल्या मुंबईतून होत नाही, मोबाइल घेऊन शेतातच उभं राहून फोटो काढावा लागतो. मुदत निघून गेली तर सातबाऱ्यावर पीक दिसणार नाही आणि मग खरेदी केंद्रावर अडचण.

---

माणदेशी_घाटकोपर | १६ डिसेंबर

बऱ्याच दिवसांनी आलो, माफ करा. ई-पीक पाहणी सप्टेंबरातच जाऊन केली होती.

हस्त चांगला बरसला. ओढ्याकडच्या सांडवाटेतून पाणी वाहून गेलं, बांध जागचा हलला नाही. ५ ऑक्टोबरला विजय वाणाचा हरभरा पेरला, एकरी २७ किलो, ज्वारी मिसळून. वीस-पंचवीस दिवसांनी शेजारच्या बायकांनी भाजीला शेंडे खुडून नेले, त्यांचंही काम झालं, आमचंही. फुलावर आला तेव्हा दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, एवढी एकच फवारणी केली.

परवा पहाटे आबांनी मला उठवलं. आदल्या रात्री त्यांनी जुनं पांढरं धोतर हरभऱ्यावर पसरून ठेवलं होतं. दवाने ते चिंब झालेलं. दोघांनी दोन टोकं धरून पिळलं, वाटीभर पाणी निघालं. ते आंब. जिभेला लावलं तर लिंबापेक्षा तिखट आंबट. पूर्वी पोट दुखलं की आजी याचेच दोन थेंब द्यायची म्हणे. रानात चालताना माझ्या पायाच्या नडग्या चुरचुरत होत्या ते याच आंबाने. बाटलीत भरून घाटकोपरला आणलंय.

तूर कापून खळ्यावर रचली आहे.

---

वालाचं_बिरडं | १६ डिसेंबर

आंब! शहाऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या नगरकडच्या. त्यांनी लगेच धोतर कसं पसरायचं ते हाताने करून दाखवलं.

---

माणदेशी_घाटकोपर | २८ जानेवारी

सगळं निघालं. हिशोब मांडतो, सरळहिशोब यांनाही उपयोगी पडेल.

मटकी, एक एकर : १ क्विंटल ६० किलो. काढणीला तीन दिवस उशीर झाला, शेंगा तडकून काही दाणा रानातच सांडला. चूक माझी, रजा मिळाली नाही.
हुलगा, दीड एकर : ३ क्विंटल.
मधली ताल, दोन एकर : तूर ३ क्विंटल ४० किलो, बाजरी चारच पोती.
ओढ्याची पट्टी, दीड एकर : हरभरा ६ क्विंटल २० किलो.

तुरीच्या ओळी तालीच्या खालच्या अंगाला, बांधाजवळ, जिथे पाणी थांबतं तिथे भरल्या. वरच्या अंगाला माती पातळ होत जाते, तिथे निम्मा दाणा चपटा. तात्यांनी मला त्या ओळीतून चालवत नेलं आणि दोन्हीकडची एक-एक शेंग सोलून हातावर ठेवली. एकीत चार टपोरे दाणे, दुसरीत दोन आणि दोन नुसत्या खुणा. सहाही एकरांत तूर केली असती तर माळावर सगळी दुसऱ्या शेंगेसारखी झाली असती.

खर्च वजा जाता फार उरलं नाही, घरची डाळ-कडधान्यं सोडून थोडीच रक्कम हातात आली. पण तोटा नाही. गुळी (मळणीचा भुसा) तात्यांच्या दोन म्हशींना गेली, तुराट्या चुलीला आणि परड्याच्या कुडाला.

येत्या खरिपात वरच्या अंगाच्या अर्ध्या एकरात तुरीऐवजी हुलगा घेतो. ओढ्याच्या पट्टीला हरभऱ्याचा बेवड (आधीच्या पिकाचा फायदा) मिळालाय, तिथे शाळू. दाणाबाजार, मटकीचा नमुना घेऊन सोमवारी वाशीला येतोय. आबाही येणार आहेत.

एकच शंका उरली. बियाण्यासाठी ३० किलो हरभरा आणि दहा किलो तूर मागे ठेवलीय. ती घाटकोपरला आणू की गावालाच ठेवू?

---

दाणाबाजार | २८ जानेवारी

या, वाट बघतो. आबांना माझ्या गाळ्यावर चहाला बसवा.

---

ट्रॉम्बेकर | २९ जानेवारी

गावालाच ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की जुलैत भुंगा आणि बुरशी दोन्ही लागतील. आधी तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. दाताने फोडला तर कट्कन आवाज करत दोन तुकडे झाले पाहिजेत, दबला तर अजून ओल आहे. संध्याकाळी गार झाल्यावरच भरा, गरम भरू नका. हवाबंद पिशवीत घालून ती पोत्यात, वर चिठ्ठीवर वाण आणि महिना. पोतं जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, लाकडी फळीवर ठेवा. आणि मे महिन्यात परत शंभर दाणे मोजा.